अकरावी ओळ

फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शाळा येते, मास्तर येतात, पाढे येतात. मी त्यातला नव्हे हो. माझ्यावर कधी कुणी पाढा लिहिला नाही. माझ्यावर फक्त माणसांची नावं लिहिली जायची, आणि तीही मोजून बारा. दौंडच्या भीमाकाठ फुटबॉल क्लबाचा मी फळा. शनिवारी संध्याकाळी माझ्यावर संघ लागायचा, रविवारी तो खेळायचा. एवढंच माझं काम, आणि त्यातच माझा सगळा जीव अडकलेला.

माझा जन्म चोपन्न सालचा. मोडीत निघालेल्या एका मालडब्याच्या दरवाजाच्या फळ्या बद्रुद्दीन मिस्त्रींनी जोडल्या, रंधा मारला, काळा रंग दिला. मग पांढऱ्या रंगानं माझ्या अंगावर बारा ओळी आखल्या, कायमच्या. वरच्या अकरा संघाच्या. सगळ्यात खाली बारावी, आणि तिच्या कडेला लिहिलं, 'राखीव'. काम संपल्यावर मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घे बेटा," म्हणाले, "आता तुझ्या छातीवर कोण बसतं ते तुझं नशीब."

मला क्लबाच्या ओसरीत टांगलं ते रस्त्याकडे तोंड करून. मैदान माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे. म्हणजे बघा, सात वर्षं मी फुटबॉलवर जगलो आणि एकही मॅच डोळ्यांनी पाहिली नाही. नुसतं ऐकायचं. बॉलला लाथ बसली की भिंतीतून धप्पकन आवाज यायचा, मग ओरडा, मग एक तर शिट्टी नाहीतर शिव्या. तेवढ्यावरून कोण कसं खेळलं ते मी ओळखायचो. न पाहता मतं ठोकून देणारा मी एकटाच होतो असं समजू नका. ओसरीत बसणाऱ्यांतले निम्मे तसलेच होते.

क्लबात सगळी रेल्वेची माणसं. कुणी ड्रायव्हर, कुणी फायरमन, कुणी फिटर, कुणी खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस. सेक्रेटरी होते दानिएलसाहेब, ऑफिसातले हेडक्लार्क. मिशनच्या शाळेत शिकलेले, अक्षर असं की माझ्यावर खडू टेकवला की मलाच माझा अभिमान वाटावा. माणूस सोन्यासारखा. खोटं बोलणं नाही, कुणाचा चहा घेणं नाही, रविवारी सकाळी ख्रिस्ती देवळात गेल्याशिवाय पाणी पिणं नाही. पण टीम निवडण्याच्या बाबतीत? अहो, त्या बाबतीत मी त्यांना काय बोलू!

त्यांच्या आधीच्या सेक्रेटरीनं म्हणे आपले पाहुणेरावळे संघात भरले होते, त्यावरून मारामारीपर्यंत गेलं होतं. म्हणून दानिएलसाहेबांनी आल्या आल्या एक नियम काढला. ज्याची नोकरी जास्त, त्याचा हक्क आधी. ऑफिसात बढतीची यादी लागते ना, अगदी तशीच संघाची यादी. त्यात वशिला नाही, तक्रारीला जागा नाही, भांडण नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेल्वेच्या माणसाला सिनिऑरिटी म्हणजे धर्मच. आता मला सांगा, बॉल काय सर्व्हिस बुक बघून पायाशी येतो?

गोलात येशुदास होता, तो आमचा कॅप्टन. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाकीचे? सेंटर फॉरवर्डचं पोट त्याच्या आधी गोलपाशी पोचायचं. दोघे फुल बॅक एकमेकांशी बोलत नव्हते, क्वार्टरच्या नळावरून त्यांच्या बायकांचं भांडण होतं. त्या दोघांच्या मधून बॉल जायचा आणि दोघेही तो दुसऱ्याचा समजायचे. मी कमिटीत असतो तर एकाला हाफला टाकला असता आणि एकाला घरी बसवला असता. पण फळ्याला कोण विचारतो?

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती अकरावी ओळ.

अकराव्या ओळीवर लेफ्ट आऊटचं, डाव्या कडेनं पळणाऱ्याचं नाव. ते होतं जयसिंगचं. जयसिंग खुटबावचा, मेल गाडीवरचा ड्रायव्हर, भारदस्त गडी. एके काळी त्याच्या डाव्या पायाला सगळी लाइन भ्यायची. पण आता त्रेचाळिशी उलटलेली, उजवा गुडघा सुजलेला. आणि त्याच्या खाली, बाराव्या ओळीवर, राखीव म्हणून सिद्दीकचं नाव. सिद्दीक वडगाव रासाईचा, खलाशी, नोकरीत सगळ्यांत नवा. वय पंचवीस. सरावाला तो धावला की भिंतीमागून मला त्याची पावलं ऐकू यायची नाहीत, फक्त बॉल ऐकू यायचा. मी काय समजायचं ते समजलो होतो.

जयसिंग आणि सिद्दीक यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. मला कितीदा वाटलं की आपणच अंग चोरावं आणि त्याला वर घ्यावं. त्या काळी एकदा मॅच सुरू झाली की कुणाच्या जागी कुणी जात नसे. राखीव माणूस आत यायचा तो कुणी आलंच नाही तर. आणि आमची माणसं तापात असली तरी हजर. तीन वर्षं सिद्दीक कपडे घालून मैदानाच्या कडेला बसला आणि कपडे बदलून परत गेला.

त्याच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, बबनराव कॉलमन. कॉलमन म्हणजे इंजिनांच्या शेडचा सांगाव्या. गाडी लागली की ड्रायव्हर, फायरमन, खलाशी यांच्या दारात जाऊन हाक मारायची, वहीत सही घ्यायची, हे त्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या कड्या वाजवणारा हा माणूस शनिवारी माझ्यापुढे उभा राहून दानिएलसाहेबांशी वाद घालायचा.

"सायेब, त्या पोराला एकदा सोडा की मैदानात. वाऱ्यावानी पळतंय."

"बबनराव, नियम एकदा मोडला की मोडला. आज सिद्दीक, उद्या माझा भाचा. मग तुम्हीच बोट दाखवाल."

"आवो, भाच्याला बी पळता आलं तर घ्या की!"

दानिएलसाहेब हसायचे आणि खडूची भुकटी झटकून निघून जायचे. बबनराव मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "काय रं, पटतंय का तुला?" मला अजिबात पटत नव्हतं. पण मी काय सांगणार, मला तोंड कुठं होतं?

सिद्दीक स्वतः कधी काही बोलला नाही. शनिवारी भोंगा झाला की हातपाय धुऊन यायचा, खालून वर वाचायचा. आधी बारावी ओळ, मग अकरावी. मग मान खाली घालून चालू लागायचा. मला त्याच्या नजरेला नजर देववत नसे.

एकसष्ट साली आम्ही भीमा ढालीच्या फायनलला पोचलो. कसे पोचलो ते येशुदासच्या हातांना विचारा. समोर सोलापूरचा संघ. आणि त्याच आठवड्यात सिद्दीकच्या बदलीचा कागद आला, इटारसीला. सोमवारी सकाळी निघायचं. म्हणजे रविवारची ही मॅच त्याची दौंडातली शेवटची. खेळला तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

शनिवारी ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दानिएलसाहेबांनी एकेक नाव लिहायला घेतलं. दहाव्या ओळीपर्यंत हात सरसर चालला. अकराव्या ओळीवर थांबला. खडू टेकला होता, मला त्याचा दाब कळत होता. आता लिहा, साहेब. एकदा लिहा.

त्यांनी जयसिंगचं नाव लिहिलं. खाली सिद्दीकचं.

सिद्दीक मागे उभा होता. त्यानं खालून वर वाचलं आणि बबनरावाला म्हणाला, "बबनराव, उद्या सकाळच्या खडीच्या गाडीवर माणूस कमी हाय म्हणत हुता न्हवं? माझं नाव घाला."

"आरं, उद्या फायनल हाय."

"बसायचंच हाय ना? गाडीवर बसतो." तो गेला.

आता रविवारची सकाळ ऐका. पहाटे पाचला बबनरावानं सिद्दीकची कडी वाजवली, सही घेतली. सहाला खडीची गाडी मनमाडच्या रस्त्याला लागली, तिची शिट्टी मी ऐकली. आणि साडेसहाला, अजून रस्ता झाडायला कुणी आलं नव्हतं, तेव्हा लंगडत लंगडत जयसिंग ओसरीत चढला.

तो माझ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग धोतराच्या सोग्यानं त्यानं शेवटच्या दोन ओळी पुसल्या. गाडी चालवणारा हात, खडूची सवय नाही, दोनदा तुकडा मोडला. वाकडंतिकडं लिहिलं, पण लिहिलं. अकराव्या ओळीवर सिद्दीक. बाराव्या ओळीवर, राखीवच्या पुढे, जयसिंग.

मी सांगू शकत नाही मला काय झालं ते. सात वर्षं माझ्या अंगावर चुकीचा संघ होता. त्या सकाळी पहिल्यांदा बरोबर संघ लागला.

पण जयसिंग, अरे बाबा! लिहिलंस ते चांगलं केलंस, पण रात्रीच त्याच्या खोलीवर का नाही गेलास? हाकेच्या अंतरावर होती खोली! निदान बबनरावाला तरी गाठायचंस. ही आमच्या लोकांची खोड. ड्युटी असली तर दारात जाऊन कडी वाजवायची, सही घ्यायची. मॅच असली तर फळ्यावर लिहिलं की झालं, ज्याचं नाव असेल तो वाचेल. आणि एकदा लागलेला संघ सात वर्षांत कधी बदलला नव्हता, मग रविवारी सकाळी फळा बघायला येतोय कोण? जयसिंग शनिवारी ओसरीत नव्हता, खडीच्या गाडीचं त्याला ठाऊक नव्हतं; त्याला वाटलं, वाचेल. तो समाधानानं घरी गेला.

साडेसातला बबनराव पाळी संपवून चालला होता. सवयीनं माझ्याकडे बघितलं, पुढे गेला, थबकला, माघारी आला. माझ्या जवळ येऊन त्यानं अकराव्या ओळीवर बोट फिरवलं. "आयला," एवढंच म्हणाला, आणि स्टेशनकडे पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, वही काखेत. स्टेशनात काय मिळणार होतं? गाडी दोन स्टेशनं पुढे गेली होती, ती संध्याकाळशिवाय परत येणार नव्हती.

मॅच चारला. दानिएलसाहेब देवळातून येऊन माझ्यापुढे उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आता पुसणार. त्यांनी जयसिंगकडे पाहिलं. जयसिंग म्हणाला, "मी लिवलंय सायेब. माझी सिनिऑरिटी माझी हाय, मला ती कुणालाबी देता येती." साहेबांनी दोन्ही नावं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "असू दे. लिहिलं ते लिहिलं. हाच संघ." त्या दिवशी मी त्यांना सगळं माफ केलं.

चार वाजून गेले तरी त्यांनी पंचाला सांगून शिट्टी लांबवली. सिद्दीक आला नाही. मग राखीव माणूस आत गेला. जयसिंगच.

भिंतीमागून मी सगळं ऐकलं. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत गोल नाही. मग सोलापूरच्या हाफची चूक झाली असावी, कारण एकदम सगळं मैदान ओरडलं, "लेफ्ट! लेफ्टला!" बॉल डावीकडे सुटला होता, समोर कुणी नव्हतं. मी जयसिंगची पावलं ऐकली. जड, एक धप्प, एक ओढत. मग ती थांबली आणि माणूस पडल्याचा आवाज आला. बॉल रेषेबाहेर गेला. तो बॉल सिद्दीकचा होता. पुढच्याच मिनिटाला त्यांनी आमच्यावर गोल केला.

मॅच संपल्यावर भागुबाई आली. ती क्लब झाडायची, ओसरी सारवायची, आणि दर रविवारी मॅचनंतर ओल्या फडक्यानं मला पुसायची. तिला वाचता येत नव्हतं. तिचा हात मला एरवी फार आवडायचा, थंडगार. त्या दिवशी मी मनातल्या मनात ओरडत होतो, बाई, आज नको, एक दिवस राहू दे! तिनं फडकं पिळलं आणि वरून खाली, नेहमीसारखं, निगुतीनं पुसून काढलं.

दिवेलागणीला खडीची गाडी आली. बबनरावानं सिद्दीकला स्टेशनातच गाठलं आणि हाताला धरून ओसरीत आणलं. जयसिंग तिथंच बाकावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला फडकं बांधलेलं. दानिएलसाहेब सोलापूरच्या पाहुण्यांना गाडीत बसवायला गेले होते.

"बघ," जयसिंग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हितं लिवलं हुतं तुझं नाव. अकराव्या वळीवर. म्या माझ्या हातानं."

सिद्दीकनं माझ्याकडे पाहिलं. मी कोरा होतो. अजून ओला होतो.

"सकाळी म्या वाचलंय की रं!" बबनराव म्हणाला. "तुझी शपथ."

सिद्दीक हसला. राग नाही, काही नाही, नुसतं हसला. "मामा, हरलो म्हणून आज माझी याद आली सगळ्यांला. असू द्या. तुम्ही लिवलं असंलच." मग तो वाकून जयसिंगच्या पाया पडला. "गुडघ्याला जपा. मी सकाळच्या गाडीनं निघतो."

त्याला पटलं नव्हतं. तो समजत होता की मोठी माणसं आपली समजूत घालताहेत. त्या तिघांत खरं काय ते दाखवू शकणारा मी एकटाच होतो, आणि माझ्या अंगावर एक अक्षर नव्हतं. अहो, एखादा तरी काना राहिला असता! एवढी निगुतीनं कशाला पुसलीस गं भागुबाई?

सिद्दीक गेला. जयसिंगनं त्यानंतर बूट घातले नाहीत. दानिएलसाहेबांनी नियम बदलला, आता सराव बघून संघ निवडायचे. बबनराव जिंकल्यासारखा वागला असता, पण त्यालाही त्यात गोडी राहिली नव्हती. वर्षभरात क्लबानं काचेची पेटी आणली, टाइप केलेला कागद आत लावायला. मला अडगळीत टाकणार तेवढ्यात जयसिंगनं मला मागून घेतलं आणि बैलगाडीत घालून खुटबावला आणलं. आता मी त्याच्या घराच्या पडवीत आहे. माझ्यावर मिरच्या वाळत घालत नाहीत, माझ्याखाली कोंबड्या डालत नाहीत, एवढा मान त्यानं राखलाय.

एकदा त्यानं इटारसीला पत्र लिहिलं. एकट्याच्या शब्दावर विश्वास बसणार नाही म्हणून खाली दानिएलसाहेबांची सही घेतली. उत्तर आलं. जयसिंगनं ते माझ्याशेजारी बसून मोठ्यानं वाचलं. सिद्दीकनं लिहिलं होतं, "मामा, पत्र वाचून डोळे भरले. दानिएलसाहेब जन्मात खोटं बोलले नाहीत, ते माझ्यापायी बोलले. आणखी काय पाहिजे? इथं बी टीम हाय. पण मी नाव दिलं न्हाई. आता फळ्याम्होरं उभं ऱ्हायची हिंमत व्हत न्हाई."

जयसिंगनं कागदाची घडी घातली. त्यानंतर त्यानं पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार? जितकं खरं लिहावं तितकं ते खोटं वाटणार.

सदुसष्ट साल चालू आहे. सिद्दीक एकतीस वर्षांचा झाला असेल. लेफ्ट आऊटला एकतीस म्हणजे काही फार नाही, अजून दोन-तीन वर्षं तो सहज पळेल. हे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही. कुठल्या तरी मैदानाच्या कडेनं तो चाकरीवर जात असेल, बॉलचा आवाज ऐकत असेल आणि मान खाली घालत असेल, हे मनात आलं की मला पडवीत टांगून राहवत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, आणि सिद्दीक नावाचा, कमी बोलणारा, डाव्या पायाचा माणूस भेटला, तर त्याला एक निरोप द्या. माणसांचा नको, माणसांवर त्याचा विश्वास नाही. म्हणावं, फळ्यानं सांगितलंय. जयसिंगला कुणी भाग पाडलं नव्हतं, तेव्हा कुणी हरलं नव्हतं, ओसरीत चिटपाखरू नव्हतं. आधी त्यानं बाराव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, मग वर तुझं. लिहून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला, त्यानं ते वाचलं, आणि खुदकन हसला. आणि म्हणाला, "आता जिंकतोय."